दिसला नाही, पॉइंट तुमचा

आमच्या चष्मेवाल्यांनी आयुष्यात टेनिसची एकच मॅच जिंकली, आणि तीसुद्धा त्यांना दिवस मावळायच्या आत परत करावी लागली.

चष्मेवाले हे त्यांचं क्लबातलं नाव. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान. पुढे फ्रेमांची काचेची कपाटं, मागे पडद्याआड एक अंधारी खोली, तिथे एक उंच खुर्ची आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवत "हे बरं की हे?" असं विचारायचं आणि दुकानाला कुलूप घातलं की थेट कोर्ट गाठायचं. पोशाख बघाल तर वाटावं, हा माणूस नुकताच कुठला तरी कप उचलून आलाय. पांढरे बूट, पांढरी टोपी, मनगटाला पट्टा, दोन्ही गुडघ्यांना कॅप आणि हातात दुकानातल्या सगळ्यात महाग फ्रेमपेक्षा महाग रॅकेट. खेळायला लागले की मात्र सगळा उजेड पडायचा. सर्व्हिससाठी चेंडू वर उडवला की तो कधी डोक्यामागे उतरायचा, कधी टोपीवर. मारलाच तर शेजारच्या कोर्टातली माणसं खाली वाकायची. दरवर्षीच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत हरायचं आणि उरलेले दिवस चहाच्या टेबलाशी बसून बाकीच्यांचं काय चुकतंय ते सांगायचं, हा त्यांचा नेम. तो त्यांनी कधी मोडला नाही.

त्या वर्षी मात्र आक्रीत घडलं. पहिल्या फेरीतल्या गड्याची कंबर धरली. दुसऱ्याला त्याच्या साहेबानं ऐन वेळी कामावर बोलावून घेतलं. तिसरा आलाच नाही, का ते आजवर कुणाला कळलेलं नाही. एकही चेंडू न मारता चष्मेवाले प्रौढांच्या फायनलला येऊन उभे राहिले. आणि समोर कोण? दादा!

दादा म्हणजे चष्मेवाल्यांच्या बायकोचे सख्खे थोरले भाऊ. जन्मभर छापखाना चालवलेला, ताठ कण्याचा माणूस. छापलेल्या पानावरची चूक त्यांना पान हातात घेण्याआधी दिसायची, अशी त्यांची ख्याती. कोर्टावर तर विचारायलाच नको. "काय जावईबापू, आज किती गेम देऊ?" असं विचारून ते खेळायला उतरायचे आणि बोलले असतील तेवढेच गेम मोजून द्यायचे. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण मग बहिणीकडे जेवायला आले की ताटावर बसल्या बसल्या म्हणायचे, "आज जावईबापू बरे खेळले हं." त्या 'बरे'नं चष्मेवाल्यांचा घास घशात अडकायचा. एकदा, फक्त एकदा, या माणसाला हरवायचं आणि त्याच्याच बहिणीच्या देखत त्याच्याकडून कबूल करून घ्यायचं, एवढीच काय ती चष्मेवाल्यांची इच्छा उरली होती.

फायनलच्या रविवारी सकाळी वारा सुटला. सुटला म्हणजे अक्षरशः पिसाळला. प्लास्टिकच्या खुर्च्या उलथ्या पडल्या, स्कोअरचा बोर्ड कुणीतरी दोरीनं खांबाला बांधला, नेटची पट्टी अशी फडफडायला लागली की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. क्लबाचे सेक्रेटरी म्हणाले, पुढच्या आठवड्यावर ढकलू या. दादा म्हणाले, "वारा दोघांनाही आहे." झालं, विषय संपला.

आता या क्लबात अंपायर वगैरे भानगड नसते. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, ते आपणच सांगायचं. नीट दिसला नसेल तर हुज्जत घालायची नाही, पॉइंट समोरच्याला देऊन मोकळं व्हायचं. ही रीत कुणी कुठे लिहून ठेवलेली नाही, पण ती पाळण्यात दादांइतका कडक माणूस दुसरा नाही.

पहिल्याच गेममध्ये चष्मेवाल्यांचा एक चेंडू वाऱ्यावर भरकटत गेला आणि दादांच्या डाव्या हाताला, रेघेपाशी टपकला. दादा जागचे हलले नाहीत.

"दिसला नाही," ते म्हणाले. "पॉइंट तुमचा."

"थँक यू, दादा," चष्मेवाले म्हणाले.

थोड्या वेळानं पुन्हा तसाच चेंडू, पुन्हा डाव्या अंगाला. "दिसला नाही. पॉइंट तुमचा." "थँक यू." मग नियमाप्रमाणे दोघांनी बाजू बदलल्या. तिकडूनही तेच. "दिसला नाही." "थँक यू." दादांचा बॅकहँड म्हणजे क्लबातल्या भल्याभल्यांना घाम फोडणारा फटका. तो त्या दिवशी फारसा निघालाच नाही. चेंडू डावीकडे गेला की दादा एक क्षण उशिरा वळायचे, आणि तेवढ्यात चेंडू गेलेला असायचा.

चष्मेवाल्यांना वाटलं, आपल्याला वारा कळायला लागला! इतकी वर्षं लोक ज्याला खराब सर्व्हिस म्हणत होते ती खराब नव्हतीच मुळी, ती फक्त योग्य वाऱ्याची वाट बघत होती. ते बोट ओलं करून हवेत धरायला लागले. हवेत धरून त्यांना काय समजत होतं देव जाणे, पण धरत होते. त्यांची टोपी उडून जाळीला चिकटली तेव्हा तीसुद्धा आपण हिशेबानं उडवल्यासारखा चेहरा करून ते पुढची सर्व्हिस करायला गेले.

दुसऱ्या सेटमध्ये एकदा दादांनी आखूड चेंडू टाकून त्यांना नेटपाशी ओढलं. चष्मेवाले धापा टाकत धावले, कशीबशी रॅकेट पुढे केली. चेंडू तारांवर बसलाच नाही, रॅकेटच्या कडेला लागला आणि असा काही उडाला की थेट दादांच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात जाऊन पडला. दादा त्याच्यामागे जीव खाऊन धावले, पण पोचले नाहीत. असा नशिबाचा पॉइंट मिळाला की हात वर करून माफी मागायची असते. चष्मेवाल्यांनी हात वर केलाही. पण वाऱ्यात तो कडेचा आवाज कुणालाच ऐकू गेला नव्हता, हे लक्षात आल्यावर तोच हात त्यांनी केसांवरून फिरवला.

सरळ दोन सेटमध्ये मॅच खलास. नेटपाशी दादांनी हात मिळवला. "चांगले खेळलात," ते म्हणाले.

चांगले! 'बरे' नव्हे, 'चांगले'! चष्मेवाल्यांचे पाय जमिनीवर राहिले ते केवळ बुटांच्या वजनानं.

घरी सोडायला दादांनीच त्यांना गाडीत घेतलं. क्लबाच्या फाटकातून बाहेर पडताना डावीकडचा आरसा खांबाला खर्रकन घासला. "फाटक अरुंद करून ठेवलंय लेकाच्यांनी," दादा म्हणाले. त्याच बाजूच्या दारावर आधीचाही एक लांब ओरखडा होता. तो म्हणे पार्किंगमध्ये कुणीतरी घासून गेलं होतं. चष्मेवाल्यांचं लक्ष होतं कुठे? संध्याकाळी बक्षीस समारंभ होता, आणि ते मनातल्या मनात भाषण रचत होते. 'या यशाचं श्रेय मी माझ्या प्रतिस्पर्ध्याला देतो' हे वाक्य त्यांना फार आवडलं होतं.

घरात शिरल्या शिरल्या त्यांनी बायकोला जेवणाच्या टेबलापाशी बसवलं. तिच्यापुढे धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता. ती घड्या घालत राहिली, आणि चष्मेवाल्यांनी टेबलाचं कोर्ट केलं. मधे आडवं उलथनं म्हणजे नेट. मिठाची बरणी म्हणजे दादा. स्वतःसाठी त्यांनी चांगली उंच पाण्याची बाटली निवडली.

"हे बघ, दादा इथे उभे. मी असा चेंडू सोडला, वाऱ्यानं असा वळला, आणि हा इथे पडला. डाव्या रेघेवर! दादा नुसते उभे! मग बाजू बदलली. पुन्हा इथे. डावीकडे! अगं, वारा असा गरगर फिरत होता आणि मी त्याला बरोबर..."

"गरगर कुठे फिरत होता?" बायको म्हणाली. "सकाळपासून आपले सगळे कपडे त्या शेजारच्यांच्या गच्चीकडे उडत होते. दोन अभ्रे जाऊन मागून आणले मी. एकाच बाजूचा वारा होता."

"बरं बाई, एकाच बाजूचा. त्यानं काय फरक पडतो?"

बायकोला टेनिसमधलं ओ की ठो कळत नसे, आणि कळून घ्यायची तिची इच्छाही नव्हती. पण तिनं हातातला टॉवेल खाली ठेवला. "नाही म्हणजे, तुम्ही मधे मधे इकडचे तिकडे होता ना? मग वारा एकदा दादाच्या डावीकडे ढकलणार, आणि जागा बदलली की उजवीकडे. बरोबर? पण तुम्ही मगापासून डावीकडचेच सांगताय. उजवीकडचा एकही नाही?"

"एक होता की! दुसऱ्या सेटमध्ये. पण तो त्यांना दिसला, धावलेसुद्धा त्याच्या..."

चष्मेवाले मधेच थांबले. मिठाची बरणी त्यांच्या हातात तशीच राहिली.

तो त्यांना दिसला. मग बाकीचे?

दुकानात कुणी पायरीवरून नुसतं "जरा दिसत नाही हो" म्हटलं तरी चष्मेवाले हातातला चहा सोडून उठायचे, त्याला आत नेऊन उंच खुर्चीत बसवायचे. आणि आज सकाळभर एक माणूस भर उन्हात, खणखणीत आवाजात, पुन्हा पुन्हा त्यांना सांगत होता, दिसला नाही, दिसला नाही, आणि हे महाशय दर वेळी थँक यू म्हणत होते! मागे दादा नंबर तपासायला आले होते तेव्हा त्यांनी सगळा तक्ता धडाधड वाचला होता. अगदी शेवटच्या ओळीखाली मुंगीएवढ्या अक्षरात छापणाऱ्याचं नाव होतं, तेही वाचलं आणि वर त्यातली शाई फुटलीय म्हणून सांगितलं. दोघं खो खो हसले होते. पण तक्ता असतो नाकासमोर. बाजूचं काय दिसतंय ते चष्मेवाल्यांनी विचारलंच नव्हतं. ते दादांना आपल्या नव्या रॅकेटबद्दल सांगण्यात गुंतले होते.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

त्यांनी सांगितलं. फाटकाचा खांब सांगितला, दारावरचा ओरखडा सांगितला. बायकोचा चेहरा उतरला.

"उद्या सकाळी तो पोरीला शाळेत सोडायला गाडी काढणार," ती म्हणाली. पोरगी म्हणजे दादांची नात. तिला रोज शाळेत पोचवायचं काम आजोबांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं.

आता खरं सांगायचं तर चष्मेवाल्यांनी लगेच उठून धाव घेतली असं झालं नाही. त्यांच्या मनात आलं, समारंभ संध्याकाळीच आहे. कप घेऊ, भाषण करू, टाळ्या पडतील, आणि मग दादांना बाजूला घेऊन हळूच सांगू. दोन-चार तासांनी काय आभाळ कोसळणार आहे? असं मनात आलं, आणि ज्या माणसाच्या मनात असं येऊ शकतं तो आपणच, याची त्यांना अशी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या. बायकोनं मिठाची बरणी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"मी येऊ बरोबर?"

"नको. माझंच काम आहे ते."

दादांच्या घरचं दार वहिनींनी उघडलं. "या विजेते!" असं आतून दादा ओरडले. ते खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. चष्मेवाल्यांनी स्टूल ओढलं आणि त्यांच्या अगदी समोर बसले.

"दादा, एक गंमत करू. नुसतं माझ्या नाकाकडे बघत राहा. डोळे हलवायचे नाहीत. बाजूला माझं बोट हलताना दिसलं की सांगा."

"तुमच्या नाकात बघण्यासारखं काय आहे?" दादा म्हणाले, पण बघायला लागले.

चष्मेवाल्यांनी त्यांच्या उजव्या अंगाला हात लांब धरून बोट हलवलं. "दिसलं," दादा लगेच म्हणाले. मग डाव्या अंगाला. बोट हलत होतं. चष्मेवाले ते हळूहळू आत आणायला लागले. दादा शांतपणे नाकाकडे बघत होते. बोट आणखी आत आलं. वहिनी चहाचे कप घेऊन दारात आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना ते बोट दिसत होतं.

"अहो, सुरू करा की," दादा म्हणाले. "किती वेळ नाक बघू?"

वहिनींच्या हातातले कप किणकिणले. त्या आवाजानं दादांनी मान वळवली, आणि गालापासून वितीवर हलत असलेलं ते बोट त्यांनी पाहिलं. बराच वेळ ते बोटाकडे बघत राहिले.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ," चष्मेवाले म्हणाले. "आणि तोवर गाडी चालवायची नाही."

"काही नाही झालेलं मला." दादांनी वर्तमानपत्र उचललं. "वारा होता आज. डोळ्यात धूळ गेली असेल. आणि हरलो म्हणून आता डोळ्यांवर ढकलू होय? लोक तोंडात शेण घालतील. मी हरलो, तुम्ही चांगले खेळलात, संपलं!"

तेव्हा मात्र चष्मेवाल्यांचा तोल सुटला. ते स्टुलावरून उठलेच.

"मी चांगला खेळलो? अहो दादा, मी? जरा आठवा कुणाबद्दल बोलताय ते! माझी सर्व्हिस शेजारच्या कोर्टात पडते! मला बघून चेंडू गोळा करणारी पोरं झाडामागे जातात! आजवर तुम्ही मला गेम दिलेत ते दया म्हणून, हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक, अख्ख्या क्लबाला ठाऊक. फायनलला आलो तो एकही चेंडू न मारता! असा माणूस तुम्हाला हरवतो, तेही सरळ दोन सेटमध्ये, आणि तुम्ही म्हणता काही झालेलं नाही? दादा, मी तुमच्याविरुद्ध जिंकलो, यापेक्षा मोठं दुखणं माणसाला काय होऊ शकतं ते सांगा!"

वहिनींना हसू फुटलं. हसता हसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला. दादांनी पेपर खाली ठेवला. जावईबापू सांगत होते त्यातला शब्द न् शब्द खरा होता, हीच तर पंचाईत होती.

त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"पोरीला सकाळी शाळेत..."

"मी सोडतो," चष्मेवाले म्हणाले. "आधी शाळा, मग आपण डॉक्टर."

तिथून ते क्लबावर गेले. समारंभ सुरू व्हायचा होता. त्यांनी सेक्रेटरींना गाठून मॅच रद्द करा म्हणून सांगितलं, आणि कारण विचारल्यावर सगळं खरं खरं सांगून टाकलं. सेक्रेटरी म्हणाले, "तरीच म्हटलं!" ते 'तरीच' चष्मेवाल्यांना जरा जास्तच लागलं, पण तोंड मिटून त्यांनी ते गिळलं. कप कपाटात परत गेला आणि भाषण चष्मेवाल्यांच्या पोटात राहिलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. गेली ती नजर परत यायची नाही, पण उरलेली राखता येईल, थेंब एक दिवससुद्धा चुकवायचे नाहीत, असं त्यांनी सांगितलं. यात दुखत काहीच नाही, समोरचं नीट दिसत राहतं, त्यामुळे माणसाला कळेपर्यंत उशीर होतो, असंही म्हणाले. "तुम्हाला कसं कळलं?" त्यांनी विचारलं. दादांनी चष्मेवाल्यांकडे अंगठा केला. "यांच्याकडून हरलो," ते म्हणाले. डॉक्टरांना काही उमगलं नाही.

परतताना गाडी चष्मेवाले चालवत होते. दादा शेजारी बसले होते, थेंबांची बाटली मुठीत धरून. वारा पडला होता. दोन चौक मागे पडले.

"जावईबापू."

"हं?"

"ते डावीकडचे सगळे सोडा. पण दुसऱ्या सेटमधला तो एक, उजव्या कोपऱ्यातला..." दादांनी मुठीतली बाटली खिशात ठेवली. "तो मला स्वच्छ दिसला होता. तुमच्या रॅकेटवरून निघाला तेव्हापासून. धावलो, पण नाही पोचलो. तो पॉइंट तुमचा. तो कुणाला परत करू नका."

चष्मेवाल्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, की दादा, तो कडेला लागून गेला. पण समोरचा रस्ताच एकदम धूसर झाला. त्यांनी गाडी हळूच बाजूला घेतली, चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसले.

"थँक यू, दादा," ते म्हणाले.